उशिरा येणारे सांत्वन

सांत्वन हा शब्द आपल्या समीक्षेत फारशा मानाने उच्चारला जात नाही. एखाद्या कवितेने वाचकाला हादरविले, अस्वस्थ केले, त्याची झोप उडविली असे म्हटले की ती तिची थोरवी ठरते. उलट तिने त्याला धीर दिला असे कोणी म्हटले, तर त्या स्तुतीत सौम्य निंदा दडलेली आहे असे आपण समजतो. समाचाराला आलेल्या गृहस्थाने 'ईश्वरेच्छा बलीयसी' एवढे म्हणावे, चहा घ्यावा आणि घड्याळाकडे पाहत उठावे, त्याच जातीची ही कविता असणार, असा आपला कयास असतो. हा कयास अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सांत्वनाच्या नावाखाली जगात जे पद्य लिहिले गेले, त्यातील बहुतेक दुःखाकडे पाठ फिरवूनच लिहिले गेले आहे. परंतु एका संपूर्ण काव्यपरंपरेने सांत्वन हेच आपले उघड काम मानले, आणि तरीही तिच्यात अस्सल काव्य निपजले, असे जर दाखविता आले, तर आपल्या कयासाचा पुनर्विचार करणे भाग पडेल. ती परंपरा म्हणजे जर्मनीतील ल्यूथरपंथीय उपासनागीतांची.

मी ख्रिस्ती उपासनेत वाढलेला नाही. ही गीते माझ्यापर्यंत आली ती प्रथम बाखच्या संगीतातून, मग कॅथरिन विंकवर्थ हिने १८५५ पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून, आणि अखेरीस शब्दकोश हाताशी ठेवून वाचलेल्या मूळ जर्मनमधून. तेव्हा श्रद्धावंताचा अधिकार मला नाही. मी येथे बोलतो तो केवळ वाचक म्हणून. मात्र एक गोष्ट आरंभीच नमूद करावयास हवी. ही गीते ज्यांनी रचली ते बहुतेक पाळक होते. ज्यांचे मृत पुरावयाचे, ज्यांच्या दारी जाऊन चार शब्द बोलावयाचे, त्यांच्यासाठी त्यांनी ती लिहिली. पण रविवारी मंडळी गाऊ लागली की पाळकालाही त्याच बाकांवरच्या सुरात आपला सूर मिळवावा लागे. प्रवचनात तो बोलणारा असतो, गीतात तो ऐकणाराही असतो. ह्या दुहेरी भूमिकेतच त्या गीतांचे मर्म आहे असे मला वाटते.

ह्या परंपरेचा आरंभ नेमका सांगता येतो. १५२३ च्या अखेरीस मार्टिन ल्यूथरने आपला मित्र गेओर्ग श्पालाटिन ह्याला पत्र लिहून स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांवरून लोकभाषेत गीते रचण्याची गळ घातली, आणि दरबारी, नवे शब्द टाळून साध्या माणसाला कळतील असे शब्द वापर, असे सुचविले. पुढच्याच वर्षी अवघ्या आठ गीतांचे एक चोपडे न्युरेंबर्ग येथे छापून निघाले. त्यांतील चार ल्यूथरची होती. त्याच्या पहिल्यावहिल्या गीतांपैकी एक तर १ जुलै १५२३ रोजी ब्रुसेल्समध्ये जिवंत जाळलेल्या दोन तरुण मठवासीयांची कथा सांगणारे आहे, जवळजवळ आपल्या पोवाड्यासारखे. म्हणजे ही परंपरा जन्मली तीच मुळी कोणाच्या तरी मरणाची वार्ता घेऊन.

ल्यूथरच्या विचारातील एक कल्पना येथे समजून घेणे अवश्य आहे. माणसाला धीर देणारे वचन त्याच्या अंतःकरणातून उगवत नाही, ते बाहेरून, कानांवाटे, दुसऱ्या कोणाच्या तोंडून येते, असे तो मानी. १५३७ च्या श्मालकाल्ड येथील कलमांत शुभवर्तमान माणसापर्यंत पोहोचण्याचे मार्ग मोजताना त्याने प्रवचन आणि संस्कार ह्यांच्या जोडीला बंधूंनी एकमेकांशी केलेला संवाद आणि एकमेकांचे केलेले सांत्वन ह्यांचाही उल्लेख केला. आपल्याकडे अंतरीची खूण, आतला आवाज ह्यांची थोरवी फार. ल्यूथरला आतल्या आवाजाचा भरवसा नव्हता. खचलेल्या माणसाच्या आत जे बोलते ते बहुधा त्याला आणखी खचविणारेच असते, हे तो स्वानुभवाने जाणत होता. म्हणून आपल्याला आज जे खरे वाटत नाही तेही दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून गाता यावे, अशी सोय त्याने केली. गीत म्हणजे गाणाऱ्याच्या मनःस्थितीचा आविष्कार नव्हे. त्याच्या मनःस्थितीला बाहेरून लावलेला तो टेकू आहे. आविष्कारवादी समीक्षेला ही भूमिका पचावयास कठीण आहे खरी, पण ह्या गीतांचा विचार त्याखेरीज होऊ शकत नाही.

ल्यूथरचे सर्वांत गाजलेले गीत 'आइन फेस्टे बुर्ग' हे शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले आहे. त्याची रचना १५२७ ते १५२९ च्या दरम्यान झाली असे धरतात. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग होता, विद्यापीठ गाव सोडून गेले होते, ल्यूथर स्वतः आजारातून जेमतेम उठला होता आणि तरीही तो गावातच राहिला. ह्या गीतातला भक्कम किल्ला आतून थरथरणाऱ्या माणसाने बांधलेला आहे. पण गीताचे दुर्दैव असे की पुढील शतकांनी त्यातली थरथर विसरून तेवढा किल्ला उचलला. फौजांनी ते गायिले, १९१४ साली युद्धज्वराने भारलेल्या जमावांनी ते गायिले. धीर देणाऱ्या गीताला हा धोका कायमचाच असतो. शत्रू कोण हे गाणाऱ्याने आपल्या सोयीने ठरविले की धिराची आरोळी होते. माझ्या मते हे गीत थोर आहे. पण ह्या परंपरेची खोली पाहावयाची तर तिच्या मोठ्या किल्ल्याकडून तिच्या लहान घरांकडे गेले पाहिजे.

असे एक घर वेस्टफालियातील उन्ना गावच्या पाळकाचे होते. त्याच्यासमोर दफनभूमी होती. १५९७ च्या उन्हाळ्यात तेथे प्लेग आला आणि पुढील जानेवारीपर्यंत त्या लहानशा गावातली १,३०० हून अधिक माणसे मेली. पाळक फिलिप निकोलाय ह्याने त्या दिवसांत चिरंतन जीवनाच्या आनंदाविषयी एक ग्रंथ लिहिला आणि १५९९ साली तो प्रसिद्ध करताना शेवटी काही गीते जोडली. त्यांतील दोन गीते जर्मन उपासनासंगीतात 'राजा' आणि 'राणी' म्हणून ओळखली जातात. दोन्हींच्या चालीही त्याच्याच नावावर आहेत. प्रेतांच्या राशींसमोर बसून आनंदावर ग्रंथ लिहिणे हे प्रथमदर्शनी पलायन वाटते. मलाही ही शंका आली होती. ती फिटली ती 'वाखेट आउफ' हे गीत बारकाईने पाहिल्यावर.

मध्ययुगीन जर्मन काव्यात पहारेकऱ्याच्या प्रभातगीतांचा एक प्रकार होता. चोरून भेटलेल्या प्रेमिकांना बुरुजावरचा पहारेकरी पहाटेची हाक देतो, कारण उजाडले की त्यांना एकमेकांपासून दूर व्हावे लागणार. ह्या गीतांतील पहाट म्हणजे ताटातूट. निकोलायने हा संकेत जसाच्या तसा उचलला आणि उलटा केला. त्याचाही पहारेकरी बुरुजावरून हाक देतो, पण ती मध्यरात्री. आणि हाक ऐकून उठावयाचे ते विलग होण्यासाठी नव्हे, भेटण्यासाठी, कारण वर आला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टान्त त्याने ह्या लौकिक प्रेमगीताच्या साच्यात ओतला. प्लेगच्या गावात मध्यरात्री दारावर येणाऱ्या हाकेचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको. ती हाक ऐकण्याची सवय झालेल्या कानांना कवी तीच वेळ आणि तीच हाक देतो, आणि त्यांचा अर्थ मात्र पालटतो. ह्याला पलायन म्हणता येणार नाही. पळणारा माणूस मध्यरात्र टाळतो, निकोलाय तिथेच उभा राहतो. आणखी एक तपशील आहे. ह्या गीताच्या तीन कडव्यांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की वाल्डेकच्या काउंटाची पदवी निघते, आणि दुसऱ्या गीताच्या सात कडव्यांत त्याचे नाव पदवीसह गुंफलेले आहे. हा काउंट विल्हेल्म एर्न्स्ट निकोलायचा शिष्य. तो १५९८ साली ट्यूबिंगेन येथे विद्यार्थिदशेतच वारला. सर्व मंडळीने गावयाच्या गीतात एका पोराचे नाव असे लपवून ठेवलेले आहे. गाणाऱ्यांना ते ऐकू येत नाही, पण ते तिथे आहे.

निकोलायने संकटाच्या मध्यभागी बसून लिहिले. परंतु ह्या परंपरेतील इतर दोन प्रसिद्ध गीतांच्या तारखा पाहिल्या तर वेगळेच काही दिसते, आणि माझ्या विवेचनाचा खरा रोख तिकडे आहे. मार्टिन रिंकार्ट हा सॅक्सनीतील आयलेनबुर्गचा पाळक. तीस वर्षांच्या युद्धात आसपासचे लोक आश्रयासाठी ह्या तटबंदीच्या गावात लोटले, आणि १६३७ साली तेथे भयंकर साथ पसरली. इतर पाळक मेले किंवा निघून गेले. उरलेल्या रिंकार्टने त्या वर्षी ४,००० हून अधिक माणसांचे अंत्यविधी केले. त्यांत त्याची स्वतःची पत्नीही होती. त्याचे 'नून डांकेट आल्ले गॉट' हे कृतज्ञतेचे गीत ह्या प्रलयातून निघाले, किंवा १६४८ च्या तहाच्या आनंदात निघाले, असे वारंवार सांगितले जाते. वस्तुतः ते १६३० च्या सुमाराचे आहे, आणि मुळात ती घरातल्या जेवणाच्या वेळची प्रार्थना होती. मुलाबाळांसह पानावर बसताना म्हणावयाचे चार शब्द. साथ आली ती त्यानंतर.

गेरहार्टच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. पाउल गेरहार्ट हा ह्या परंपरेतील सर्वांत मोठा कवी, ल्यूथरहूनही मोठा असे मी म्हणेन. जन्म १६०७ चा, ग्रेफेनहाइनिखेन ह्या लहान गावी. चौदाव्या वर्षापर्यंत आईबाप दोघेही गेले. १६३७ साली स्वीडिश सैन्याने ते गावही जाळले. शिक्षण संपवून, बर्लिनमध्ये शिकवण्या करून दिवस काढता काढता पाळकाची पहिली जागा मिळाली ती मिटेनवाल्डे येथे १६५१ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी. १६५५ साली लग्न झाले. पाच मुले झाली, त्यांतील चार लहानपणीच गेली. १६५७ साली तो बर्लिनच्या निकोलाय चर्चमध्ये आला. १६६६ साली त्याची जागा गेली, १६६८ साली पत्नी गेली, आणि उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन तो ल्यूबेनला गेला. तेथे १६७६ साली त्याचे निधन झाले. तिथल्या त्याच्या चित्राखाली लॅटिनमध्ये एक ओळ आहे. सैतानाच्या चाळणीतून चाळून निघालेला धर्मपंडित, असा तिचा आशय.

त्याच्या 'बेफील डू डायने वेगे' ह्या गीताविषयी एक आख्यायिका फार प्रिय आहे. जागा गेल्यावर गेरहार्ट पत्नीला घेऊन वणवण करीत एका खाणावळीत उतरला. पत्नी रडू लागली. तिची समजूत घालताना त्याला एक बायबलवचन आठवले आणि बागेत जाऊन त्याने हे गीत लिहिले. त्याच रात्री एका उमरावाचे दूत नव्या नेमणुकीचे पत्र घेऊन आले. गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही. हे गीत १६५३ साली योहान क्र्यूगरच्या गीतसंग्रहात छापले गेले होते, म्हणजे जागा जाण्याच्या १३ वर्षे आधी, लग्नाच्याही आधी.

तारखेचा हा खुलासा मला केवळ संशोधकी वाटत नाही. आख्यायिकेने गीताचा अर्थच बदलतो. तिच्यात आधी दुःख, मग गीत आणि लगेच बक्षीस. पत्र घेऊन आलेले दूत हे सांत्वन खरे असल्याची पावती ठरतात. प्रत्यक्षात घडले ते ह्याच्या नेमके उलट. गीत आधी लिहून झाले, मंडळीच्या तोंडी बसले, आणि मग त्याच्या कर्त्यावर एकामागून एक आघात होत गेले. जे शब्द त्याने दुसऱ्यांसाठी तयार केले होते, ते त्याच्याकडे दुसऱ्यांच्या तोंडून परत आले. रिंकार्टच्या जेवणाच्या प्रार्थनेचेही तेच. आपत्ती येऊन माणूस मुका होतो त्या वेळी शब्द शोधता येत नाहीत, ते आधीच घरात असावे लागतात. आगोटी करून ठेवणाऱ्या घराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

गीताची बांधणीही पाहण्यासारखी आहे. सदतिसाव्या स्तोत्रातील एक वचन आहे. आपला मार्ग प्रभूवर सोपव, त्याच्यावर भरवसा ठेव, तो ते नीट करील, असा त्याचा भाव. गेरहार्टने ह्या वचनातील एकेक शब्द घेऊन त्याने बारा कडव्यांचा आरंभ केला. बारा कडव्यांचे पहिले शब्द जोडले की जवळजवळ सबंध वचन पुन्हा उभे राहते. हा खेळ केवळ शोभेचा असता तर मी त्याचा उल्लेखही केला नसता. पण त्यातून एक विलक्षण गोष्ट घडते. वचनातील 'तो' हा शब्द नवव्या कडव्याच्या आरंभी येतो. येथून पुढे देव काय करील हे सांगावयाचे आहे. आठ कडवी ऐकून आतुर झालेल्या वाचकाला कवी पहिली गोष्ट कोणती सांगतो? तो उशीर लावील, ही. सांत्वन द्यावयास तो काही काळ विलंब करील, जणू तुझा त्याने नादच सोडला आहे असे वागेल. सांत्वनाच्या गीतात, आश्वासनाच्या ऐन उंबरठ्यावर, सांत्वन वेळेवर येणार नाही असे सांगणारा हा कवी समाचाराला आलेल्या त्या गृहस्थापेक्षा किती वेगळा आहे! घड्याळाकडे तोही पाहतो, पण उठून जाण्यासाठी नाही.

गीताचा शेवट ह्याहून सूक्ष्म आहे. पहिल्या अकरा कडव्यांत कवी बहुतांशी 'तू' शी बोलतो. हा 'तू' कोण? शेजारच्या बाकावरचा दुःखी माणूस, की कवीचाच जीव? दोन्ही अर्थ होतात, आणि पाळकाच्या बाबतीत ते वेगळे काढताच येत नाहीत. मूळ वचनाचा शेवट आश्वासनाने होतो: तो नीट करील. बाराव्या कडव्याचा आरंभ व्हावयाचा तो ह्या 'करण्या'च्या क्रियापदाने. गेरहार्ट ते क्रियापद घेतो, पण त्याला आज्ञार्थी करून देवाकडेच वळवितो. आता आमच्या साऱ्या संकटाचा तू शेवट कर, असा तो आर्जव होतो. आश्वासनाची याचना झाली, आणि त्याच क्षणी 'तू' जाऊन 'आमचे' आले. अकरा कडवी धीर देणारा माणूस बाराव्यात धीर मागणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ही ह्या परंपरेतील सर्वांत मोठी काव्यघटना आहे असे मी मानतो. तीत उपमा नाही, रूपक नाही, केवळ एक सर्वनाम बदलले आहे.

ह्या गीतावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे बरे नव्हे. मधल्या एका कडव्यात कवी त्या दुःखी जीवाला बजावतो की जगाचा कारभारी तू नाहीस. उपाशी शेतकऱ्याला हे ऐकविणे म्हणजे त्याला गप्प बसविणे नव्हे काय? राजाने कर वाढवावेत, सैन्याने शेते तुडवावीत, आणि पाळकाने सोसण्याचे गीत शिकवावे, असे युरोपच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. सोसण्याचा उपदेश करणारी शेकडो निर्जीव गीते ह्याच परंपरेने निर्माण केली, विशेषतः पुढच्या शतकात. मात्र हे कडवे ज्याला सर्वांत नेमके लागू पडते तो श्रोता म्हणजे खुद्द पाळक. सगळ्या गावाचे तारण आपल्या खांद्यावर आहे, आपण खचलो तर सारेच कोसळेल, ही भावना त्याच्या व्यवसायाचा जुना रोग आहे. त्याला कोणी तरी तू कारभारी नाहीस असे सांगणे ही शिक्षा नसून सुटका आहे. एकच ओळ एकाच्या तोंडावर हात ठेवते आणि दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उतरविते. ती कोण कोणास ऐकवितो ह्यावर सारे अवलंबून आहे. गेरहार्ट ती आधी स्वतःस ऐकवितो, म्हणून मी ती मान्य करतो.

त्याचे व्यक्तिचित्र अधिक उजळ करण्याचेही कारण नाही. त्याची जागा गेली ती कोणा जुलमी राजाच्या लहरीने नव्हे. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीडरिश विल्हेल्म स्वतः कॅल्व्हिनपंथीय होता. दोन्ही पंथांच्या पाळकांनी व्यासपीठावरून एकमेकांची निंदा करू नये असे त्याचे १६६४ चे फर्मान होते, आणि त्यावर सही मागण्यात आली. गेरहार्टने ती नाकारली. पुढे इलेक्टर नमला, सहीवाचून परत ये म्हणाला, तरी गेरहार्टच्या सदसद्विवेकबुद्धीने ते मानले नाही. आज त्या फर्मानाकडे पाहताना आपली सहानुभूती बरीचशी राजाच्याच बाजूला जाते. माणूस ताठ होता, त्याची गीते मात्र ताठ नाहीत. ज्या कॅल्व्हिनपंथीयांविषयी मौन पाळावयास तो तयार नव्हता, त्यांच्याही मंडळ्या पुढे त्याची गीते गाऊ लागल्या. गीताने कर्त्याच्या मताची हद्द ओलांडली.

संगीताविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकत नाही, पण एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. बाखच्या 'मत्तयानुसार दुःखसहन' ह्या १७२७ सालच्या संगीतकृतीत पिलातासमोर येशू उभा आहे. आरोपांचा भडिमार होतो आणि तो एका शब्दानेही उत्तर देत नाही. नेमक्या त्या मौनानंतर बाखने गेरहार्टच्या ह्या गीताचे पहिले कडवे ठेवले आहे. देव बोलत नाही त्या जागी मंडळी गाते. आणि ज्या चालीवर गाते ती मुळात हान्स लिओ हासलर ह्याने १६०१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची, प्रेयसीच्या ध्यासाने चित्त भ्रमलेल्या तरुणाची चाल आहे. कोणतीही टीका ह्याहून अचूक असू शकेल असे मला वाटत नाही.

मराठी वाचकाच्या मनात येथे रामदास आणि तुकाराम आल्यावाचून राहणार नाहीत. रामदासांचा जन्म १६०८ चा, गेरहार्टच्या जन्मानंतर एका वर्षाने. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची 'मनाच्या श्लोकां'ची रीत आणि गेरहार्टचा 'तू' ह्यांचे नाते सहज जाणवते. फरक असा की रामदास मनाला वळण लावतात, तर गेरहार्ट त्याच्या हातातले ओझे काढून घेतो. तुकारामांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गमावली. त्यांच्या अभंगांत देवाशी जे भांडण आहे, ते मात्र गेरहार्टमध्ये मला कोठेही आढळले नाही. तो विनवितो, पण जाब विचारीत नाही. ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल. आणखी एक भेद रचनेचा आहे. आपले भजन ध्रुपदाशी परत परत येते. ह्या गीतांत चाल प्रत्येक कडव्याला तीच राहते, पण शब्द मागे वळत नाहीत, ते पायरी पायरीने पुढेच जातात. नारायण वामन टिळकांना हा भेद पुरता उमगला होता. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ह्या कवीने मराठी मंडळ्यांसाठी ओवी-अभंगांच्या वळणाची भजने रचली. उसन्या चालीवर माणूस गाऊ शकतो, पण रडू शकत नाही. ल्यूथरने श्पालाटिनला जे लिहिले होते त्याचेच हे मराठी उत्तर होय.

विसाव्या शतकात ह्या परंपरेची कसोटी लागली ती तिच्या जन्मभूमीतच. डीट्रिख बॉनहोफर ह्या तरुण पाळकाला एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली. टेगेलच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत, पहिल्या कठीण दिवसांत गेरहार्टच्या गीतांनी आपल्याला अनपेक्षित आधार दिला असे त्याने नमूद केले आहे. डिसेंबर १९४४ मध्ये त्याने स्वतः लिहिलेली एक कविता आज जर्मन मंडळ्या गीत म्हणून गातात. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. हे उदाहरण उदात्त आहे, आणि म्हणूनच परंपरेच्या समर्थनार्थ ते फार सहज पुढे केले जाते.

मला त्याहून अधिक विचार करावयास लावतो तो योखेन क्लेपर. पाळकाचा मुलगा, धर्मशास्त्राचा विद्यार्थी, कादंबरीकार. १९३८ साली त्याचा उपासनागीतांचा छोटा संग्रह निघाला. त्यातील पहाटेवरच्या एका गीतात रात्र सरत आली आहे असे सांगून तो लगेच सांगतो की माणसांच्या दुःखावर आणखी कित्येक रात्री पडावयाच्या आहेत. गेरहार्टच्या नवव्या कडव्याचाच हा वंशज. क्लेपरची पत्नी योहाना जन्माने ज्यू होती. थोरली सावत्र मुलगी १९३९ साली इंग्लंडला पोहोचली. धाकटीला देश सोडण्याची परवानगी अखेरपर्यंत मिळाली नाही. तिची रवानगी अटळ झाली तेव्हा १० डिसेंबर १९४२ च्या रात्री त्या तिघांनी एकत्र मरण पत्करले.

मग ह्या माणसाची सांत्वनाची गीते खोटी ठरली काय? गीत म्हणजे कर्त्याच्या मनोबलाचा आविष्कार असे मानले, तर होय म्हणावे लागेल. तो आपल्या गीताला जागला नाही असा कोरडा निवाडा देऊन मोकळे होता येईल. पण ह्या परंपरेने गीत कर्त्याच्या बळावर कधी उभेच केले नव्हते. ते बाहेरून येते, दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि उशिरा येऊ शकते हे तिने स्वतःच सांगून ठेवले होते. क्लेपरला ते वेळेवर पोहोचले नाही. त्याच्या दाराशी पोहोचू दिले नाही ते माणसांनी, आणि त्याचा हिशेब गीताकडे मागता येत नाही. तो गेल्यावर त्याची गीते जर्मनीच्या गीतसंग्रहांत शिरली आणि आजही तेथे आहेत. जे स्वतःला पुरले नाही ते तो दुसऱ्यांसाठी ठेवून गेला.

सांत्वनाला वाङ्मयीन मूल्य असते काय, ह्या आरंभीच्या प्रश्नाकडे वळताना मी एवढेच म्हणेन की ते दुःख किती हलके झाले ह्यावर मोजता येणार नाही. ते मोजावयाचे असेल तर विचारावे की ह्या शब्दांनी दुःखाला त्याची पुरी जागा दिली का, ते आणणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळले का, आणि बोलण्याची ताकद संपलेल्या माणसालाही त्यांत उभे राहता येते का. ह्या कसोटीला निकोलायची मध्यरात्र उतरते, गेरहार्टचे बारावे कडवे उतरते, आणि क्लेपरची न संपलेली रात्रही उतरते. आपल्या समीक्षेने हादरविणाऱ्या कवितेचा सन्मान अवश्य करावा. पण हादरून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशीही उठतो, आणि त्याच्याही तोंडी काही शब्द लागतात. ते शब्द तयार करून ठेवणे हे काव्याचे दुय्यम काम आहे असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.